आई-सासूच्या भूमिका करणाऱ्या बाईचं नाव छापा

प्रति,
माननीय संपादक,
यांस सप्रेम नमस्कार.

चित्रपट आणि मालिकांमधल्या चरित्र अभिनेत्रींच्या कारकिर्दीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला. आई, सासू, आत्या, मोलकरीण, सरपंचबाई अशा भूमिकांत आयुष्य घालवणाऱ्या बायांची कोणीतरी दखल घेतली, याचा मनापासून आनंद आहे. पण हा लेख वाचून वडसा, आरमोरी, नागभीड, लाखांदूर अशा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची एखादी नाटकवाली बाई मुंबईला निघाली, तर तिच्या हाती उपयोगाचं काही लागत नाही. महिन्याला काम किती दिवस मिळतं, पैसे कधी येतात, कॅमेऱ्यापुढे झाडीपट्टीची कोणती सवय आडवी येते, कोणते कागद जपायचे, यावर त्यात एक ओळही नव्हती. आम्ही तालमी, प्रॉम्प्टिंग आणि रंगभूषेची कामं करणारी माणसं आहोत. जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहितो.

आधी वयाचं बोलू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. आईची भूमिका म्हातारपणी करायची असते, असं आपल्याकडे धरून चालतात. रीमा लागूंनी ‘मैंने प्यार किया’त नायकाची आई केली ती 1989 साली, तेव्हा त्या 31 वर्षांच्या होत्या आणि पडद्यावरचा मुलगा त्यांच्यापेक्षा साडेसात वर्षांनी लहान होता. रोहिणी हट्टंगडींनी ‘अग्निपथ’मध्ये (1990) अमिताभ बच्चन यांची आई केली, आणि त्या तर त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. त्याआधी ‘गांधी’मधल्या (1982) कस्तुरबांसाठी त्यांना बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला होता, आणि त्यानंतर त्यांची ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका 3,000 भागांच्या पुढे गेली. ललिता पवार मुळात नायिका. 1942 साली चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची कामं गेली. पण 1959 च्या ‘अनाडी’तली मिसेस डिसा, 1987 च्या ‘रामायण’ मालिकेतली मंथरा, हे सगळं त्यानंतरचं. इजा झाल्यावरही पुढे 45 वर्षं त्या काम करतच होत्या. नायिकेच्या कारकिर्दीला इतकी लांबी क्वचितच मिळते.

म्हणून तिशीतल्या बाईला आईची भूमिका सांगून आली तर ‘एवढ्यात नको, शिक्का बसेल’ म्हणून ती परत करू नये. शिक्का बसतोच, हे खरं. पण मालिकांमध्ये आई, काकू, सासू, आजी मिळून घरात चार-पाच बाया लागतात आणि नायिका एकच असते. काम कुठे जास्त आहे ते यावरून कळतं.

झाडीपट्टीच्या बाईकडे या धंद्याला लागणारी एक मोठी गोष्ट आधीपासूनच असते, आणि तिला स्वतःलाच तिची किंमत ठाऊक नसते. आपल्याकडे भाऊबीजेपासून होळीपर्यंत शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि मंडई (गावची जत्रा) यांच्या निमित्ताने गावोगाव नाटकं होतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि उजाडायला आलं की पडतो. दुसऱ्या रात्री दुसरं गाव, पुष्कळदा दुसरं नाटक. पुरेशा तालमी नसताना संहिता एकदा चाळून, समोरच्या नटाला सांभाळून घेत, पहाटे चारला रडण्याचा प्रवेश ताज्या आवाजात करणं हे या बायांचं रोजचं काम. मालिकेत नेमकं हेच लागतं. तिथे प्रवेशाची पानं पुष्कळदा त्याच दिवशी सकाळी हाती येतात, कधी मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर मोबाइलवर येतात. शहरातल्या नाट्यशिबिरातून आलेल्या मुली तिथे गडबडतात, आपल्या बाया गडबडत नाहीत. ऑडिशनला अनुभव विचारला की ‘गावाकडं नाटकं करते’ एवढं सांगून गप्प बसू नये. हंगामात किती नाटकं केली, किती भूमिका तोंडपाठ आहेत, गाता येतं का, हे आकड्यांनी सांगावं.

आता अडतं कुठे ते. झाडीपट्टीच्या रंगमंचावर माइक वरून टांगलेले असतात. वाक्य आलं की नट दोन पावलं सरकून माइकखाली येतो, मान किंचित वर करतो आणि बोलतो. वर्षानुवर्षं हे अंगात भिनतं. कॅमेऱ्यापुढे तीच बाई दर वाक्याला हनुवटी वर उचलते, नजर चौकटीच्या वर जाते आणि दिग्दर्शक ‘पुन्हा’ म्हणतो. दोष काय ते तिला कोणी नीट सांगत नाही, ‘नाटकी वाटतंय’ एवढंच म्हणतात. याला उपाय आहे. घरी भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक टिकली लावायची, समोरचा माणूस तिथे उभा आहे असं समजून त्या टिकलीशी पूर्ण प्रवेश बसून बोलायचा आणि कोणाला तरी मोबाइलवर तो टिपायला सांगायचा. आठ-दहा दिवस रोज केलं की मान खाली येते.

दुसरी खोड प्रॉम्प्टरची. आपल्याकडे नाटक प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभं असतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण विंगेतून शब्द यायची वाट पाहताना नट क्षणभर थांबतो आणि डोळ्याची कड बाजूला जाते. हजारोंच्या गर्दीत शेवटच्या रांगेला ते दिसत नाही, क्लोजअपमध्ये मात्र पडदाभर तेवढंच दिसतं. तिथे एक तर पाठांतर पक्कं हवं, नाही तर शब्द विसरल्यावर स्वतःच्या शब्दांत वाक्य पुरं करायची हिंमत हवी. वाक्याचा शेवट मात्र लिहिलाय तसाच ठेवावा, कारण समोरच्याचं उत्तर त्यावर अवलंबून असतं.

तिसरी गोष्ट आवाजाची. शूटिंगला बारीक माइक ब्लाउजच्या काठाला, पदराच्या आड चिमट्याने लावतात. मंगळसूत्र, गळ्यातली पोत किंवा कडक इस्त्रीचा पदर त्याच्यावर घासला की कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस टेक थांबवतो. माइक लावताना आपणच सांगावं की मंगळसूत्र या बाजूला झुकतं, माइक त्या बाजूला घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शोकाच्या प्रवेशात छाती बडवू नये. झाडीपट्टीत मेलेल्या लेकाच्या अंगावर पडून आई ऊर बडवते तेव्हा सारं पटांगण रडतं, ते बळ खरंच आहे. पण माइक असतो त्याच जागी. पहिल्या फटक्याला धप्प असा आवाज येतो, त्या आवाजात वाक्य बुडतं आणि चांगला उतरलेला टेक वाया जातो. हात मांडीवर किंवा जमिनीवर आपटावा, पदर तोंडात धरावा, तेवढ्याने भागतं. तोंडावर आपण पेन्सिलीने सुरकुत्या काढतो आणि हॅलोजनच्या उजेडासाठी जाड थर देतो, तेही विसरावं. कॅमेऱ्याला ती पेन्सिलीची रेघ रेघ म्हणूनच दिसते. ऑडिशनला धुतलेल्या चेहऱ्यानं जावं.

एकाच प्रवेशाचे तुकडे वेगवेगळ्या वेळी घेतात, ही गोष्ट रंगमंचावरच्या बाईला सुरुवातीला फार छळते. आधी सगळ्यांचा एकत्र शॉट, मग एकेकाचा जवळून. पहिल्या शॉटमध्ये ‘बस बाई’ म्हणताना कप उजव्या हातात होता आणि जवळच्या शॉटमध्ये डाव्या हातात आला, तर संकलकाला ते दोन तुकडे जोडता येत नाहीत. जोडता आले नाहीत की छोट्या भूमिकेचा जवळचा शॉटच गाळला जातो. म्हणजे चूक हाताची आणि जातो तो चेहरा. कोणत्या शब्दाला काय उचललं, पदर कोणत्या खांद्यावरून कुठपर्यंत होता, बांगड्या किती होत्या, हे स्वतः लक्षात ठेवावं. निघण्याआधी मोबाइलवर आपला एक समोरून आणि एक बाजूने फोटो घेऊन ठेवला तर तोच प्रवेश चार दिवसांनी पुढे सुरू झाला तरी अडत नाही. आणि दुसऱ्या नटाचा जवळचा शॉट चालू असताना आपण चौकटीबाहेर उभं राहून त्याला आपली वाक्यं जीव लावून द्यावीत. पुढचं काम पुष्कळदा अशा सहकलाकारांच्या शिफारशीवरच मिळतं.

ऑडिशन हल्ली बहुतेक मोबाइलवरच मागवतात. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर आणि कशाला तरी टेकवलेला असावा. उजेड समोरून यावा, म्हणजे खिडकीकडे तोंड करून बसावं, पाठ करून नाही. मागे साधी भिंत, अंगात एकरंगी साडी. बारीक चौकडीची किंवा फार चमकणारी नको, ती कॅमेऱ्यात थरथरते. आधी नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा कॅमेऱ्याकडे बघून सांगायच्या, मग डावी-उजवी बाजू दाखवायची. प्रवेश करताना मात्र कॅमेऱ्यात बघायचं नाही, त्याच्या शेजारी उभ्या माणसाकडे बघायचं. समोरची वाक्यं वाचणारा मोबाइलला जास्त जवळ असतो, म्हणून त्याने हळू वाचावं. नाही तर त्याचाच आवाज मोठा येतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, म्हणजे चित्र फुटत नाही. ऑडिशनसाठी, ‘कार्ड’ काढून देण्यासाठी किंवा फोटोंच्या संचासाठी कोणी आधी पैसे मागितले, तर ते काम नसतंच. एक रुपयाही देऊ नये. हॉटेलच्या खोलीवर एकटीला बोलावणाऱ्याकडे जाऊ नये. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची तक्रार घेणारी अंतर्गत समिती असावीच लागते. ती कोणाकडे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घेण्यात काहीही वावगं नाही.

बोलीबद्दल मनात फार दिवसांचं आहे. मालिकेत विदर्भाची बाई आली की तिच्या तोंडी ‘काहून’, ‘बे’, ‘राजेहो’ घालायचं आणि झालं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या झाडीबोलीत डोळा हा ‘डोरा’ होतो आणि काळा हा ‘कारा’. अकोला-अमरावतीच्या वऱ्हाडीत तोच ‘डोया’ आणि ‘काया’. ‘मले’, ‘तुले’ दोन्हीकडे आहे, पण हेल वेगळा. आई नागभीडची दाखवली आणि बोलते अकोटची, हे आपल्या प्रेक्षकाला लगेच टोचतं. यावर वाद घालायची जागा सेट नव्हे. पानं हाती आली की आपली वाक्यं आपल्या बोलीत लिहून काढावीत आणि टेकच्या आधी सहायक दिग्दर्शकाला वाचून दाखवावीत. तयार माल हातात मिळाला की ते बहुतेक वेळा घेतात. ‘गाभ्रीचा पाऊस’सारख्या (2009) चित्रपटात विदर्भाच्या शेतकऱ्याच्या घरातली म्हातारी आई ज्योती सुभाष यांनी केली आणि उत्तम केली. पण अशा भूमिकांसाठी आपल्याकडच्या बायांना निदान बोलावलं तरी जावं, एवढी तयारी आपण ठेवली पाहिजे.

आता पैसा. नाटकाच्या नाइटचे पैसे त्या रात्री किंवा दोन-चार दिवसांत हातात येतात. मालिकेत मोबदला दिवसावर ठरतो, पाळी (शिफ्ट) साधारण 12 तासांची असते आणि पैसे बहुतेक ठिकाणी 90 दिवसांनी मिळतात. नोव्हेंबरात केलेल्या कामाचं बिल महिना संपल्यावर जातं, तिथून 90 दिवस मोजले की फेब्रुवारीची अखेर येते. तोवर मुंबईतलं राहणं, खाणं, रोजचा प्रवास हे सगळं पदरचं. म्हणून जाण्याआधी चार-पाच महिन्यांच्या खर्चाची तजवीज असल्याशिवाय तिथे घर घेऊ नये. आणि हा काळ नेमका आपल्या हंगामाचा असतो, हे विसरून चालत नाही. रोख नाइटी सोडून उधारीच्या दिवसांवर जायचं आहे.

बाया विचारतात, ‘दिवसाचे किती?’ त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: महिन्याला खात्रीचे दिवस किती? समजा एका ठिकाणी दिवसाला 5,000 सांगितले आणि महिन्यात चारच दिवस बोलावलं, तर 20,000 होतात. दुसरीकडे 3,000 ठरले, पण करारात 12 दिवसांची हमी आहे, तर 36,000. शूटिंगला बोलावलं नाही तरी हमीचे दिवस मोजले जातात, म्हणून हमी लिहून घ्यायची. यातून 10 टक्के टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) जातो, म्हणजे 3,600. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचे समजा 15 टक्के, म्हणजे 5,400. हातात 27,000 उरतात. टीडीएसचे पैसे बुडालेले नसतात. वर्षाचं उत्पन्न करमुक्त मर्यादेत असेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात, फक्त कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते का, हे तपासावं लागतं. पॅन दिला नाही तर कपात 20 टक्के होते. कितीतरी जणी विवरणपत्र भरतच नाहीत आणि दरवर्षी हक्काचे पैसे सोडून देतात.

करारात आणखी चार गोष्टी बघाव्यात. एक, या वाहिनीवर काम करताना दुसरीकडे काम करायला मनाई आहे का. मनाई असेल आणि दिवसांची हमी नसेल, तर सही करू नये. दोन, येण्या-जाण्याचा खर्च कोणाचा. वडशाहून गोंदियाला येऊन विदर्भ एक्सप्रेस धरली तरी मुंबई म्हणजे रात्र आणि दिवसाचा भाग जातोच. तीन, साड्या आपल्या की त्यांच्या. चार, भूमिका संपवताना किती दिवस आधी कळवणार. मालिकेत कथा एकदम पंधरा-वीस वर्षं पुढे नेतात तेव्हा आजीच्या फोटोला हार पडतो, आणि ते त्या बाईला पुष्कळदा त्याच आठवड्यात कळतं. नाटक सोडून गेलेल्या बाईचा त्या वर्षीचा हंगामही तोवर संपलेला असतो. संघटनेचं सदस्यत्व घ्यावं: हिंदीसाठी सिन्टा (सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन), मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ. सिन्टा मुळात सुरू झाली तीच चरित्र कलाकारांची संघटना म्हणून. थकलेल्या पैशांची तक्रार करायची तर हातात करार, पाळ्यांची तारीखवार नोंद आणि बिलाची प्रत लागते. छोट्या वहीत रोज तारीख, सेटवर पोचल्याची वेळ आणि सुटल्याची वेळ लिहिली तर ती वही फार कामाला येते.

मुंबईला बस्तान हलवावंच लागतं असंही नाही. रीमा लागू बँकेत नोकरी करत नाटकं करायच्या. मराठी मालिकांचं चित्रीकरण आता सातारा, कोल्हापूर, नाशिक इकडेही चालतं. झाडीपट्टीचा हंगाम राखून होळी ते दिवाळी या काळात कॅमेऱ्याची कामं घेणं बऱ्याच जणींना परवडेल, असं आमचं मत आहे. दोन-तीन दिवसांच्या भूमिका, लघुपट, जाहिराती यांतून ओळख होते आणि घरही राहतं.

संपादक महोदय, आता आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणं आहे. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत महिन्याला 5,000 रुपये मिळतात. त्यासाठी वयाची 50 वर्षं आणि कलेतलं किमान 15 वर्षांचं काम दाखवावं लागतं. दाखवायचं कशानं? वृत्तपत्रातली कात्रणं, हँडबिलं, प्रमाणपत्रं. झाडीपट्टीच्या हँडबिलावर नायिकेचा आणि नृत्य करणारीचा फोटो मोठा असतो, आई करणारीचा खालच्या ओळीत टिकलीएवढा, आणि नाव कधी असतं, कधी नसतं. वृत्तपत्रातली बातमी पाहिली तर ‘आणि सहकलाकारांनी उत्तम साथ दिली’ एवढ्यात ती संपते. पंधरा वर्षं दर हंगामात ऊर फुटेस्तोवर रडलेल्या बाईकडे अर्ज भरताना कागद नसतो, तो असा. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने झाडीपट्टीकडे पाहिलं. त्याच रंगमंचावरच्या आई-सासूंची नावं मात्र आपल्या जिल्हा पानावरही येत नाहीत.

म्हणून विनंती अशी, की नाटकाची, चित्रपटाची किंवा मालिकेची बातमी छापताना चरित्र भूमिका करणाऱ्या प्रत्येक बाईचं पूर्ण नाव, भूमिकेचं नाव, नाटकाचं नाव, गाव आणि तारीख छापावी. जागा कमी असेल तर फोटो गाळा, नाव गाळू नका. वार्ताहर मंडळींना नावांची यादी नाटक सुरू होण्याआधीच मिळेल, अशी व्यवस्था आम्ही आमच्याकडून या हंगामापासून करतो आहोत. आणि या बायांनाही सांगणं आहे: प्रत्येक हँडबिलाच्या मागे गाव आणि तारीख शाईने लिहा, एक प्रत प्लास्टिकच्या फाइलमध्ये घाला. पेटाऱ्यात कपड्यांबरोबर ठेवू नका, दमटपणानं छपाई पुसली जाते. मोबाइलवर फोटो काढून घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवरही ठेवा. जुन्या मंडळांकडे मागच्या वर्षांची हँडबिलं पडून असतात, ती धानाची कापणी सुरू व्हायच्या आत मागून घ्या. एकदा हंगाम लागला की कोणालाच कपाट उघडायला सवड नसते.

आपले,
झाडीपट्टीच्या नाटकांत तालीम, प्रॉम्प्टिंग आणि रंगभूषा करणारे काही जण
वडसा (देसाईगंज), जि. गडचिरोली